आतलं भांडं

"कुकरात भांडं न ठेवता थेट आत पाणी ओतलंत, आई. दुरुस्तीवाला हसत होता मला." सुनेनं बंद पडलेला विजेचा भाताचा कुकर ओट्यावर आपटला.

"ओतलं असेल," सासू म्हणाली. "हल्ली लक्षात राहत नाही."

"तीन महिन्यांपूर्वी गॅस उघडा टाकलात, तेव्हाही राहिलं नव्हतं. घर उडालं असतं."

मुलगा तिथेच चहा पीत होता. तो शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी झाली की घरी यायचा, दुपारी पोरं घरी सोडायला पुन्हा जायचा. स्वतःची बारा वर्षांची मुलगीही त्याच बसनं शाळेत जायची. गॅसच्या प्रकारानंतर शेगडी त्यानेच काढून टाकली होती. आता चौघांचं जेवण विजेच्या खेळण्यांवर व्हायचं. एक कुकर, एक किटली, एक टोस्टर. तिन्ही आपोआप बंद होणारी. दोन एकदम लावली की फ्यूज उडे. म्हणून आधी भात. तो पातेल्यात काढून टॉवेलात गुंडाळायचा, मग त्याच कुकरात भाजी. भाजी होईतो भात गार. अंडी किटलीत उकडायची आणि मग दिवसभर चहाला अंड्याचा वास. ज्या बाईनं वसतिगृहात तीस वर्षं तीनशे पोरींना वेळेवर जेवू घातलं, तिला आता टोस्टर कसा लावायचा ते घरचे शिकवत होते.

"रविवारी आईंना वृद्धाश्रमात सोडू," सून नवऱ्याला म्हणाली. "मी बोलून ठेवलंय." सासूच्या देखतच म्हणाली. विसरभोळ्या माणसासमोर काहीही बोललं तरी चालतं, असा लोकांचा समज असतो.

गुरुवारी सुनेच्या शिवणाच्या कारखान्यात वीज गेली आणि ती दुपारीच सुटली. दार उघडंच होतं. नवरा ओट्याशी उभा होता. त्यानं तांदूळ मोजून घेतले, धुतले, पेल्यानं पाणी मोजलं. सगळं नीट. मग तांदूळ आणि पाणी दोन्ही थेट नव्या कुकरात ओतलं. आतलं भांडं शेजारी कोरडंच होतं.

सासू उठली. आधी तिनं पिन उपसली. मग कुकर मोरीत उपडा केला.

"दे इकडे, मी बघते. तुझी गाडीची वेळ झाली, जा तू."

सून जिन्याच्या वरच्या वळणावर सरकली. तो खाली उतरून गेला, त्याला ती दिसलीही नाही. मग ती आत आली.

"कधीपासून?"

"गॅसच्या आधीपासून." सासू कुकरचं पोट फडक्यानं पुसत होती. "त्याच्या बापाचंही असंच झालं. पन्नाशी गाठली नव्हती. कळल्याबरोबर कामावरून काढलं. मग खुर्चीत बसून विझत गेला."

"म्हणून तुम्ही सगळं अंगावर घेतलंत?"

"म्हातारी विसरली तर बोभाटा होत नाही. घरातल्या घरात चार शब्द ऐकायचे. मला खुशाल आश्रमात टाक. पण पुढच्या चुका कुणाच्या नावावर घालायच्या, ते आधी ठरवून ठेव."

सुनेनं मनातल्या मनात हिशोब केला. तिच्या एकटीच्या पगारात घर चालणार नव्हतं. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"आणि बस, आई? चाळीस पोरं असतात त्यात."

"रस्ता बारा वर्षांचा आहे. हाताला पाठ झालाय."

"गॅसही हाताला पाठच होता."

सासूनं फडकं नळाखाली धरलं. आईच्या मायेला लोक देव्हाऱ्यात बसवतात. या माउलीनं परक्यांची चाळीस पोरं पणाला लावली होती आणि ती शांतपणे फडकं पिळत होती.

संध्याकाळी सुनेनं आश्रमाला फोन करून जागा नको म्हणून कळवलं. "राहू दे त्यांना इथेच," ती नवऱ्याला म्हणाली. "आपलीच माणसं आहेत." त्याला बायकोचा अभिमान वाटला.

शुक्रवारी सकाळी टोस्टरमधून काळा धूर निघाला. पाव प्लास्टिकच्या पिशवीसकट आत कोंबला होता. नवरा समोरच उभा होता.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. भीती होती. खरं सांगायला याहून बरी वेळ पुन्हा येणार नव्हती.

सासूनं तोंड उघडलं, पण सून तिच्याआधी कडाडली. "पिशवी काढून पाव लावायचा असतो, आई. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"चुकलं गं," सासू म्हणाली.

त्याचा चेहरा सैल झाला. तो आईकडे बघून समजुतीनं हसला, बसची किल्ली घेतली आणि जिना उतरू लागला. मुलगी दप्तर अडकवून त्याच्यामागे धावली. सुनेनं तिला दारातच दंडाला धरून मागे ओढलं.

"तू आजपासून बसनं जायचं नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला मी चालत सोडीन."