जागेअभावी

"सर, तारीख टाकली का?" महादेवप्पांनी विचारलं.

उमाशंकर सरांनी मान हलवली आणि रजिस्टरवर पट्टी ठेवून तारखेखाली रेघ ओढली. शिरूर अनंतपाळच्या मठातली लिंगायत समाजाच्या समितीची ही बैठक ध्यानीमनी नसताना बोलवावी लागली होती. समाजाच्या रुद्रभूमीच्या, म्हणजे दफनभूमीच्या फाटकाशी सकाळपासून एक अँब्युलन्स उभी होती. आत शिवांगी होती, वय एकोणतीस. लातूरच्या दवाखान्यात पहाटे डेंग्यूनं गेली.

लिंगायतांत दहन नाही, माती देतात. आज्जीच्या शेजारी माती मिळावी अशी शिवांगीची इच्छा होती, आणि तीच विनंती घेऊन तिचा नवरा रतन आला होता. अडचण होती ती रतनचीच. तो दुसऱ्या जातीचा. सहा वर्षांपूर्वी दोघांनी लातुरात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि त्या दिवसापासून गावानं तिचं नाव टाकलं होतं. आत्ता तो दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभा होता. आत ये, असं कुणी म्हटलं नव्हतं.

सर पंचवीस वर्षं समितीचे सचिव. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, अक्षर मोत्यासारखं. दर बसवजयंतीला बसवकाळात कल्याणात झालेल्या त्या आंतरजातीय लग्नावर ते असं काही बोलत की पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत. बैठकीत मात्र ते तोंड उघडत नसत. लिहिणाऱ्यानं बोलू नये, असा त्यांचा नियम होता. नियम तसा सोयीचा होता.

"एक कोपरा द्या म्हणून राहिला त्यो," महादेवप्पा म्हणाले. ते समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे आडते. "आज हिला दिला तर उद्या घरोघरच्या पोरींचं काय? घरच्यांचं काय म्हणणं हाय, तेवढं तरी कळायला पायजे."

"घरच्यांनी तोंड उघडलं असतं तर आपल्याला बसावं लागलं असतं का?" बसवंत वकील म्हणाले.



"उकाडा लई हाय," डॉक्टर संगमेश्वर म्हणाले. "जे करायचं ते लवकर करा." एवढं वैद्यकीय मत देऊन ते मोबाइलमध्ये शिरले. त्यांचा दवाखाना महादेवप्पांच्या इमारतीत होता.

मठ झाडणारी सिद्धम्मा खांबाला टेकून बसली होती. तिला राहवलं नाही. "मी अडाणी बाई. पण माती कवा इचारती का, तू कुणाची बायकू म्हणून? लेकरू हाय आपलं. सर, तुमी तर बोला. तुमच्या शब्दाबाहेर कुणी जाणार न्हाई."

सगळ्या माना सरांकडं वळल्या.

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बोलायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं. पण धाकट्या लेकीचं, अक्षराचं, लग्न बारा दिवसांवर आलं होतं. सोयरे उदगीरचे, जुन्या वळणाचे. पत्रिका वाटून झालेल्या. ते एक वाक्य दुपारच्या आत उदगीरला पोचलं असतं. शिवाय याच माणसांत उद्याही राहायचं होतं. शिकलेल्या माणसाला फार पुढचं दिसतं, हे त्याचं दुर्दैव. सिद्धम्माला फक्त फाटकाजवळची गाडी दिसत होती.

"मी सचिव आहे, सिद्धम्मा," सर म्हणाले. "समिती ठरवील ते लिहीन."

सिद्धम्मानं पदर तोंडाला लावला. गावातली तीन शिकलेली माणसं त्या खोलीत बसली होती, आणि रडू एकट्या तिला येत होतं. याचं वाईट वाटतं.

"लिहा मग," महादेवप्पा म्हणाले. "जातीबाहेर लग्न केल्यामुळं नकार."

"तसं नका लिहू!" वकील दचकले. "सामाजिक बहिष्काराचा कायदा हाय. सगळे आत जाऊ. 'जागेअभावी' लिहा."

खिडकीतून रुद्रभूमी दिसत होती. दीड एकर मोकळी जागा, कडेनं चार कडुलिंबाची झाडं. सरांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'जागेअभावी विनंती मान्य करता येत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.' सिद्धम्मा सभासद नव्हती, त्यामुळं सर्वानुमते म्हणण्यात चूक नव्हती. शुद्धलेखनही बिनचूक होतं.

बैठक उठली. चहाचं नाव कुणी काढलं नाही. जो तो सरांसमोरून मान खाली घालून गेला. डॉक्टरांनी जाताजाता त्यांचा खांदा दाबला आणि ते पायऱ्या उतरून गेले.

निर्णय कळवायचं काम सचिवाचं. सर दाराशी आले.

"जागा नाही," ते म्हणाले.

रतननं मान हलवली. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "मला ठाव होतं. आमच्या रानात खड्डा घ्यायला पहाटंच सांगून ठिवलंय."

"मग इथं कशाला थांबलास, एवढ्या उन्हात?"

"तिच्यासाठी. तुमी एकदा तरी बोलताल, असं तिला लई वाटायचं."

सर खाली बघत चपला शोधू लागले. डोळ्यांपुढं सगळ्या चपला एकसारख्या झाल्या होत्या. रतननं वाकून त्यांच्या चपला ढिगातून काढल्या आणि त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

"घाला, मामा. बापाच्या हातची मूठभर माती तरी लागू द्या तिला."