शेवटचा भाग

१९६४ साली पोरं वाचनालयात यावीत म्हणून धाड गावच्या सुपडाजी ग्रंथपालांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला. त्यावर रोज एक कादंबरी थोडी थोडी वाचली जायची आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं दाटीवाटीनं ऐकत बसायची.

शेवटच्या भागाला बॅटरी संपली आणि हाणामारी जुंपली. बाकं उलटली, त्यातल्या हबीबचा दात पडला, सोडवायला गेलेल्या सुपडाजींच्या कपाळात स्टूल बसलं. रक्त डोळ्यांत उतरलं.

पोलीस पाटील धावत आले. “फेका तो रेडिओ! त्याच्यापायी पोट्टे एकमेकाचा जीव घेऊन राह्यले!”

 

कपाळावर उपरणं दाबून सुपडाजी हसले. “रेडिओपायी कुठं, पाटील? पुढचं वाचाले त्या कादंबरीचं पुस्तक एकच व्हतं ना!”