दोन हात दोर

दौलताबादच्या मागच्या डोंगरात वाट चुकलेला हिमांशू सकाळपासून कड्याच्या एका कपारीत अडकून पडला होता. खाली दरी दिसतच नव्हती, नुसता पांढरा ढग होता. कपारीत मोबाइलला रेंज नव्हती. हाका मारून त्याचा घसा बसला, तेव्हा कुठं वरच्या ढगातून आवाज आला, "धर रं बाबा, घट्ट धर!" आणि पाठोपाठ एक दोर खाली आला.

दोर मोठा नवलाचा होता. निळा तुकडा, पिवळा तुकडा, हिरवा तुकडा, आणि दर दोन हातांवर एक गाठ. गाठीमागून गाठ धरत जाताना आपण चढतोय की तरंगतोय, हेच हिमांशूला कळेना. शेवटी रंग संपले आणि एक अखंड, जुना, सुती दोर हाताला लागला.

वर, कड्याच्या माथ्यावर, पायथ्याच्या वस्तीतले फकिरामामा उभे होते.

"मामा, किती देऊ?" हिमांशूनं मोबाइल काढला. "खरं तर हे सरकारनं करायला पाहिजे."

"करंल तवा करंल. पैसे नकोत. दोन हात दोर तेवढा आणून दे. सगळ्यांनी तेवढाच दिलाय."

"आणि हा जुना?"

"माझ्या विहिरीचा."

"पण दोनच हात का? चांगला पन्नास फूट आणतो की."

फकिरामामांनी जुन्या दोराचं टोक हातात घेतलं.

"पहिल्या पोराला हा तेवढाच कमी पडला. नाव इचारायचं बी राहून गेलं."