पायाळू

सोमाजी मांत्रिकानं रुखमिणीच्या दोन्ही डोळ्यांत अंजन घातलं आणि किल्ल्याच्या पडक्या दरवाजाकडे बोट केलं.

"चाल. जेथी सोनं दिसन, तेथी उभी राहा."

डोळ्यांची नुसती आग होत होती. मागून तिचा नवरा कवडू खांद्यावर खणायची सब्बल घेऊन निघाला. ब्याऐंशी सालचा वैशाख, भर दुपार. सारं गाव झोपलेलं. इंग्रज आले तेव्हा सुभेदारानं सोनं इथंच पुरलं आणि तो परागंदा झाला, हे अड्याळच्या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. रुखमिणी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशा बाईला अंजन घातलं की भुईतलं धन दिसतं म्हणे.

आजवर कवडूनं तिला किल्ल्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. सोन्याचं नाव निघालं आणि गृहस्थाची अक्कल चरायला गेली.

या जागेवर कोणी नांगर घालत नाही. म्हणून गावातली तान्ही लेकरं इथंच पुरतात. रुखमिणीची लेक बारशाआधीच गेली. कवडू तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. आईला जागा सांगायची नसते, सांगितली तर कूस पुन्हा भरत नाही, म्हणाला. ती तशीही भरली नाही. दिवेलागणीला किल्ल्याकडून रडणं ऐकू येई. लोक म्हणत, कोल्हे आहेत. रुखमिणी दारात येऊन उभी राहायची. आपली लेक कुठं निजली आहे, एवढंच तिला हवं होतं. कवडूला विचारून विचारून ती थकली.

ती हत्तीखान्यापाशी थांबली. मागं वळली.

"दिसलं का?" सोमाजीनं विचारलं.

"नाई."

सुभेदारणीनं जीव दिला त्या विहिरीपाशी ती पुन्हा थांबली, पुन्हा वळली. विहीर कोरडी होती. तरी आत कोणी घागर बुडवल्यासारखा आवाज झाला. सोमाजीनं घाईघाईनं लिंबू फेकलं. कवडूला कशाचंच भान नव्हतं. तोंडावर नुसती हाव.

दारूखान्यामागं मोहाचं एक वाकडं झाड होतं. त्याखाली रुखमिणी थांबली आणि वळली. या वेळी ती हललीच नाही.

"अथीच आहे!" सोमाजीनं कवडूच्या खांद्यावरची सब्बल ओढून उगारली. कवडूनं त्याचा हात घट्ट धरला.

"अथी नको."

"काहून नको? पायाळू बाई उभी राहिली न!"

"नको म्हणतो न, सोमाजी!" कवडूचा आवाज फाटला.

रुखमिणी खाली बसली. दोन्ही तळहात तिनं मातीवर टेकले आणि ती हमसून हमसून रडू लागली. सोमाजी तिच्यापुढं वाकला.

"बाई, काय दिसलं तुले भुईत?"

"भुईत मले काहीच नाई दिसलं," रुखमिणी कवडूकडे बोट करत म्हणाली. "मी यायच्या तोंडाकडं पाहून राहिली होती."