ठेवलेलं नाव

पुण्याच्या सरदार देवगिरकरांकडे सात पिढ्यांत घटस्फोट झाला नव्हता. कायदाच मुळी दोन वर्षांपूर्वी आला होता. एकोणीसशे एकोणपन्नास साली धाकट्या सूनबाईंनी तो मिळवला आणि जिमखान्यातले पत्त्यांचे डाव आठवडाभर उशिरा सुरू झाले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या आपली लुगडी न्यायला आल्या. सासूबाई दिवाणखान्यात वाटच पाहत होत्या.

"लुगडी न्या. पण 'राजलक्ष्मी' हे नाव आमचं. लग्नात आमच्या चिरंजीवांनी ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. ते मिरवत गावभर फिरलात, तर घराण्याची अब्रू जाईल. नाव इथे ठेवून जा."

"आनंदानं ठेवते, आईसाहेब. बारा वर्षं मला इथे नावंच ठेवली गेली. मी माहेरची यमू, आता पुन्हा यमू."

"यमू तर आमची मोलकरीण."

"म्हणजे घरात एक तरी बाई कामाची आहे," सूनबाई म्हणाल्या आणि पेटी उचलून चालू लागल्या.

वैशाखात चिरंजीवांचं दुसरं लग्न झालं. घराण्याला काळिमा लावून गेलेल्या बाईचं नाव नव्या सुनेला कसं द्यायचं, असं भटजींनी चाचरत विचारलं. सासूबाईंनी 'राजलक्ष्मी'च लिहायला सांगितलं.

चांदीच्या अठ्ठावीस भांड्यांवर तेच कोरलेलं होतं.