साठाच्या खाली

ताईंनी पूड जाळायची छोटी मूस तिसऱ्यांदा काट्यावर ठेवली, ॲप्रनवरची पांढुरकी पूड झटकली आणि आकड्याकडे न बघता आधी खिडकी लावून घेतली. जरा वारं आलं तरी तो काटा नखरे करायचा. मग बघितलं, वहीवर हिशोब केला. पुन्हा एकसष्ट पॉइंट चार.

तीनदा तेच उत्तर आलं की एरवी माणूस पेढे वाटतो. ताईंनी वही पालथी घातली.

सोमवारी लॅबच्या साहेबांनी टेबलाच्या खणातून दोन बाटल्या काढल्या होत्या. दोन्हींत दगडाची मैद्यासारखी बारीक पूड. एक त्यांनी ताईंपुढे सरकवली, दुसरी ताईंच्या भावजयीपुढे.

"सिलिका किती टक्के, तेवढं काढा. ताई, तुम्ही तुमच्या ॲसिडने. मॅडम, तुम्ही मशीनवर. शुक्रवारी उत्तर बंद पाकिटात. खरं काय ते माझ्याकडे आहे. आणि दोघी एका घरात राहता म्हणून सांगतो, घरी यावर चर्चा नको."

"घरी आम्हाला भांडायला भाजी पुरते, साहेब," भावजय म्हणाली. साहेब हसले नाहीत.

हसण्यासारखं काही नव्हतंच. दोन-दोन पद्धतींचा खर्च परवडत नाही, असं वरून आलं होतं. ताईंचं उत्तर बरोबर निघालं तर ॲसिडची खोली राहणार. चुकलं तर खोलीला कुलूप, आणि ताईंची रवानगी स्टोअरमध्ये, बाटल्यांना लेबलं चिकटवायला. त्या खोलीत ताईंची उमेदीची वर्षं गेली होती. लग्नाचं बघायचं राहून गेलं तेही तिथेच, असं त्यांचा भाऊ म्हणायचा.

मशीनचं काम सुटसुटीत. पूड वितळवून काचेची चकती ओतायची, आत सरकवायची, चहा गार व्हायच्या आत आकडा हजर. ताईंची पद्धत म्हणजे अख्खा संसार. पूड वितळवा, ॲसिडात विरघळवा, आटवा, गाळा, जाळा, वजन करा, पुन्हा जाळा, पुन्हा वजन करा. कुठे हात जरा चुकला की उत्तराचे बारा वाजले. पण ताईंचा हात चुकत नसे. भावजय नवी नवी लॅबमध्ये आली तेव्हा तिला काट्यासमोर श्वास रोखून धरायला ताईंनीच शिकवलं होतं.

बुधवारी भांडी विसळताना ताईंनी विचारू नये ते विचारलं.

"साठाच्या वर गं, की खाली?"

"ताई, साहेब काय म्हणाले..."

"आकडा कुठे विचारतेय मी?"

भावजयीने नळ मोठा सोडला. "खाली," ती म्हणाली.

ताईंची ती रात्र सरली, पण झोप काही आली नाही. सकाळी त्या सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचल्या. नवीन ॲसिड फोडलं, मूस घासून पुसून घेतली, काटा तपासला. आणि आता समोर पुन्हा तेच, साठाच्या वर. एकदा चुकलं तर हात चुकला म्हणावं. तीनदा सारखंच चुकतंय म्हणजे चूक हातात मुरली. त्या खोलीभर फिरल्या, स्टुलावर बसल्या, लगेच उठल्या. धुतलेल्या काचा पुन्हा धुतल्या. वयाचा परिणाम असेल, असं मनात आलं आणि त्यांना रडूच कोसळलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी पोळीचे तुकडे केले आणि तसेच ठेवले.

"काय झालंय हिला?" भावाने बायकोला विचारलं. "दोघींच्या डोक्यात दगड भरलेत नुसते."

"तू जेव," ताई म्हणाल्या.

भाऊ बातम्या लावून बसला. भावजय वाळलेले कपडे घडी घालायला ताईंच्या खोलीत आली.

"तुझ्या बाहीला हिरवट काय लागलंय?" ताईंनी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"पूड असेल. काय चिवट आहे, धुतली तरी जात नाही." तिने एक टॉवेल घडी घातला, मोडला, पुन्हा घातला. मग टॉवेलाकडेच बघत म्हणाली, "एकोणसाठ पॉइंट आठ."

ताईंनी उठून दार लोटून घेतलं.

"मी काही सांगितलं नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही. तुम्ही त्या स्टोअरमध्ये बसलेल्या मला बघवणार नाहीत, ताई."

"मशीन चुकलं असेल."

"चुकलं असेल की." भावजयीच्या आवाजात इतकी माया होती की ताईंना ती माया सोसेना. आपली कुणी कीव करावी, अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

शुक्रवारी साहेबांनी दोन्ही पाकिटं त्यांच्यासमोर फोडली. आधी भावजयीचं.

"एकोणसाठ पॉइंट आठ," त्यांनी वाचलं. खणातला कागद काढून ताडून बघितलं. "अगदी बरोबर, मॅडम. मशीनला तोड नाही."

टेबलाखाली भावजयीने ताईंचा हात गच्च दाबला. ताईंचा जीव भांड्यात पडला. खोली वाचली.

साहेबांनी दुसरी चिठ्ठी उलगडली. वाचली. पुन्हा वाचली.

"ताई, तुमचंही एकोणसाठ पॉइंट आठ?"

"हो," ताई मान ताठ करून म्हणाल्या. "तीन वेळा करून बघितलं. तीनदा तेच."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मी तुम्हा दोघींना दोन वेगळे दगड दिले होते."