दोन ताटं

धाकट्या मुलाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी म्हाताऱ्या खाटकाच्या छातीत पहिली कळ आली. भर दुकानात. हातातला सुरा त्याने आधी ओट्यावर नीट ठेवला आणि मग खाली बसला.

इस्पितळातून घरी आणल्यापासून त्याच्या ताटाचा कारभार थोरल्या लेकीकडे आला. तिचं कामच ते होतं. त्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती रुग्णांची ताटं लावायची आणि परत आलेली तपासायची. माणूस तोंडाने काहीही सांगो, ताट खोटं बोलत नाही, असं ती म्हणे. भाताखाली दडवलेली भाजी तिला लांबून दिसायची. नुसती हाडं उरली, की मांस पोटात गेलं.

डॉक्टरांनी खाटकाचं मटण साफ बंद केलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला तेच लावून दिलं. तिच्या अंगात रक्त नव्हतं आणि लोहाच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. मटण खा, कलेजी खा, खाऊनच भरून काढा, असं त्यांनी बजावलं.

खाटीक पेटला. जन्मभर ज्याने लोकांना मटण पुरवलं त्याच्यापुढे उकडलेली भाजी, आणि जिला त्याची कधी फारशी ओढ नव्हती तिच्या वाटीत कलेजी!

"मटण चांगलं की वाईट, एकदाच काय ते ठरवा," तो म्हणाला.

"ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे ते, बाबा. तुमचं खाऊन झालंय, आईचं राहिलंय."

दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो गाऱ्हाणं सांगे, की जन्मभर शेळ्या कापल्या आणि आता लेकीने मलाच शेळी करून टाकलं.

आई ऐकून हसायची. हसताना तोंडावर हात धरायची, कारण कवळी टोचते म्हणून घरात ती लावत नसे. तिची कवळी दागिन्यासारखी आहे, चारचौघांत जातानाच बाहेर निघते, असं खाटीक म्हणे. म्हणून लेक मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवायची, दोन ताटं वाढून झाकायची आणि संध्याकाळच्या पाळीला जायची. ती येईपर्यंत ताटं घासायची नाहीत, हा तिचा हुकूम होता.

परत आल्यावर ती दोन्ही ताटं बघायची. बापाच्या ताटातली भाजी संपलेली असायची. आईच्या ताटात हाडं असायची, फोडलेली, आतला गर ओढून पोकळ केलेली. बघून तिचा जीव भांड्यात पडायचा.

पण तपासणीत बापाच्या रक्तातली चरबी उतरायचं नाव घेईना. डॉक्टर तिलाच बोलले, आणि तेही तिच्या हाताखालच्या बायकांसमोर. दुसऱ्यांची ताटं तपासणारी ही बाई, आणि घरात हा उजेड!

ती तडक दुकानात गेली. बापाच्या जागी बसलेला भाऊ शेळीच्या मांडीवरची चरबी सोलत होता. गिऱ्हाईकं उभी होती. तिने कुणाचीच भीड ठेवली नाही.

"बाबांना काय चारतोस?"

"ताई, त्यांना मी दुकानाची पायरी चढू देत नाही."

"मग घरी पोचवत असशील."

"मी माझ्या बापाला मारीन?"

"तुझ्या हातात सुरा आहे आणि डोक्यात भुसा. तुझा काय भरवसा?"

भावाने सुरा खाली ठेवला, हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, की आजपासून मी तुझ्या दारात येणार नाही. तो खरंच आला नाही. जुळ्या मुलींनाही कुणी आणेना. आईसाठी मटण ती दुसऱ्या खाटकाकडून आणू लागली आणि सगळी पेठ फिदीफिदी हसली.

"त्याला बोलावून आण," आई एकदा म्हणाली. जिना चढताना ती मधेच बसली होती. "त्याचा दोष नाही."

"मग कुणाचा?"

आई बर्फाचा खडा चघळत राहिली. तो तिला नवाच नाद लागला होता. वय झालं की जीभ ऐकत नाही गं, एवढंच बोलली.

लेकीने मग वेगळा तोडगा काढला. आईने आत बसून जेवावं, म्हणजे बघून बापाची जीभ चळणार नाही.

"नको," खाटीक चटकन म्हणाला. "तिला एकटीला जेवण जात नाही."

आईनेही मान हलवली. लेकीला दोघांचा राग आला, आणि थोडं कौतुकही वाटलं.

सगळा राग मग भावावर गेला. बाप एक दिवस असाच कोसळणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. त्याच्या मयतीला भावाला काय काय ऐकवायचं, ते भाजी चिरता चिरता तिने शब्दाला शब्द जोडून तयार केलं होतं.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात निरोप आला, की तुझ्या घरून गाडी आली आहे. ती हातातला डाव टाकून धावली. ते सगळे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

दारापाशी बाकावर बाप बसला होता. ताठ.

ओळखीच्या नर्सने तिच्या हातात एक वाटी दिली. वाटीत पाणी होतं आणि पाण्यात कवळी. चारचौघांत जायचं म्हणून गाडीत बसण्याआधी आईने ती हट्टाने मागून घेतली होती.

"रक्त पार आटलंय," डॉक्टर म्हणाले. "हृदय दमून गेलं. यांना मटण देत होता ना?"

"रोज. ताट मी स्वतः बघते. हाडंसुद्धा फोडून..."

ती थांबली. तिने वाटीत पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. तो तिची नजर चुकवून दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेने काढत होता.

जुळ्या मुली पहिलं पाऊल टाकायला लागल्या, त्या महिन्यात आई गेली. बाप अजून आहे.